बाबांचा कोणता स्कॅन काढायचा, आणि कशासाठी?

प्रश्न : माझे बाबा ७३ वर्षांचे आहेत. गेल्या दोन वर्षांत ते खूप बदलले. नावं, तारखा ते फारसे विसरत नाहीत. पण एखाद्या दिवशी अगदी स्वच्छ बोलतात आणि दुसऱ्या दिवशी आपण कुणाच्या घरात आहोत हेच त्यांना उमगत नाही. रात्री खोलीच्या कोपऱ्यात लहान मुलं बसलेली दिसतात म्हणतात. झोपेत ओरडणं, लाथा झाडणं तर फार वर्षांपासून आहे, आईने त्यापायीच पलंग वेगळा केला. चालही मंदावली आहे. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘वयोमानानुसार मेंदूचे आकुंचन, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे बदल’ असं आलं आणि अल्झायमर असल्याचं सांगण्यात आलं. मुलं दिसतात म्हणून रात्री हॅलोपेरिडॉलची गोळी सुरू झाली. तेव्हापासून त्यांचं अंग जास्तच आखडलंय आणि दिवसभर ग्लानी असते. आता दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय, पेट स्कॅन, डॅट स्कॅन अशी नावं घेतली. भाऊ म्हणतो, “बरं होणार नसेल तर आजाराचं नाव कळून काय करायचंय?” स्कॅनमधून खरंच नक्की कळतं का? कुठला काढावा? आणि मी ४६ वर्षांची आहे, माझाही एक काढून ठेवू का?

उत्तर :

प्रिय ताई,

स्कॅनचं नंतर बोलू. आधी त्या रात्रीच्या गोळीचं बघू.

ज्यांनी ती लिहून दिली त्यांना, किंवा सध्या ज्यांना दाखवता आहात त्या डॉक्टरांना, आजच फोन करा. बाबांना मुलं दिसतात, झोपेत लाथा झाडण्याचा त्रास जुना आहे आणि गोळी सुरू झाल्यापासून अंग आखडलंय, हे तिन्ही एका दमात सांगा. मग सरळ विचारा, “हा लेवी बॉडी डिमेन्शिया असू शकतो का, आणि तसं असेल तर ही गोळी त्यांना चालेल का?” आज रात्रीची मात्रा द्यायची की नाही, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. लेवी बॉडी हा अल्झायमरहून वेगळा असा स्मृतिभ्रंशाचा (डिमेन्शियाचा) प्रकार. त्याच्या रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारखी भास दाबणारी औषधं फार जड जातात. अंग आखडतं, ग्लानी येते, गोंधळ वाढतो, आणि काहींच्या बाबतीत ते जिवावर बेततं. ताप चढला, अंग ताठ झालं, गिळता येईनासं झालं किंवा हाकेला ओ मिळेना, तर फोनवर वेळ घालवू नका, थेट रुग्णालयात न्या.

भावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. आजार मुळापासून बरा होत नसला तरी त्याचं नाव चुकलं की औषध चुकतं. ज्या औषधाने एकाची रात्र शांत जाते, त्याच औषधाने दुसरा अंथरुणाला खिळतो. रिव्हास्टिग्मिन, डोनेपेझिल ही औषधं अल्झायमरमध्ये देतात. लेवी बॉडीमध्येही त्यांचा उपयोग होतो आणि पुष्कळदा भास कमी होतात. पण मेंदूचा पुढचा भाग झिजवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात तीच औषधं कामी येत नाहीत, उलट अस्वस्थता वाढवू शकतात. तुमचा भाऊ निष्ठुर आहे असं मला मुळीच वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात फिरवू नये, असंच त्याला म्हणायचं असावं, आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबरच आहे. म्हणूनच कुठला स्कॅन टाळायचा, हेही या पत्रात सांगणार आहे.

माझं काम स्कॅन वाचण्याचं. घरच्यांची एक अपेक्षा मला नेहमी दिसते, की यंत्रात घातलं की आजाराचं नाव छापून बाहेर येईल. तसं होत नाही. यंत्राला प्रश्न विचारावा लागतो, आणि तो प्रश्न तयार होतो तो तुम्ही पत्रात लिहिलंत तशा हकिकतीतून. अॅलोईस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूतले बदल मांडले ते तिच्या मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली बघून. जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन निघाला १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनला. अल्झायमरमध्ये साचणारं अमायलॉइड हे प्रथिन जिवंत माणसाच्या मेंदूत पेट स्कॅनवर दिसल्याचं प्रसिद्ध झालं तेव्हा २००४ साल उजाडलं होतं. म्हणजे ही सगळी विद्या तशी तरुण आहे. तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे माहीत असलेलं बरं.

तुमच्या हातातल्या रिपोर्टपासून सुरुवात करू. सीटीने त्याचं काम चोख केलंय. स्मृतिभ्रंशात पहिल्या स्कॅनने बघायची गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेने किंवा तातडीच्या उपचाराने सुधारेल असं काही लपलेलं नाही ना. कवटीच्या आत, मेंदूवर हळूहळू साकळलेलं रक्त, म्हणजे क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा, म्हाताऱ्या माणसाला साध्या धक्क्यानेही होतो. कधी पडलो होतो हेही त्याला आठवत नाही आणि काही आठवड्यांनी तो गोंधळल्यासारखा वागू लागतो. ते रक्त काढलं की माणूस पुष्कळदा पूर्वीसारखा होतो. गाठ असेल, मोठा पक्षाघात होऊन गेला असेल, तर तेही सीटीत दिसतं. आणि मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगल्या असतील तर नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसचा विचार करावा लागतो. १९६५ साली हकीम आणि अॅडम्स यांनी हा आजार मांडला. त्यात आधी चाल बिघडते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, मग लघवीवरचा ताबा जातो आणि बुद्धी मंदावते. पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढून चाल सुधारते का हे बघतात, आणि सुधारली तर शंट, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी, बसवण्याचा विचार करतात. तुमच्या बाबांच्या रिपोर्टात यातलं काही लिहिलेलं नाही, ही चांगली बातमी आहे.

पण ‘वयोमानानुसार आकुंचन’ या शब्दांतून कुठल्याच आजाराचं नाव निघत नाही. सत्तरी ओलांडलेल्या कुणाचाही मेंदू थोडा आकसलेला असतो. ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे बदल’ हेही तसंच. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात असे ठिपके किती आहेत याची शून्य ते तीन अशी एक प्रतवारी आहे. १९८७ सालापासून ती फाझेकास यांच्या नावाने वापरली जाते. एक म्हणजे तुरळक ठिपके, आणि ते या वयात, विशेषतः रक्तदाब असलेल्यांत, सर्रास सापडतात. ठिपके एकमेकांत मिसळून मोठे पट्टे झाले किंवा थॅलॅमससारख्या मोक्याच्या जागी झटका येऊन गेला, तर रक्तवाहिन्यांमुळे झालेल्या स्मृतिभ्रंशाचा विचार जोर धरतो. नुसत्या त्या एका ओळीवरून तो ठरत नाही. आणि त्या रिपोर्टवरून अल्झायमर तर अजिबातच ठरत नाही. ते निदान तुमच्यापर्यंत बहुधा ‘वय झालंय, गोंधळ आहे, म्हणजे अल्झायमर’ अशा सवयीच्या वाटेने आलंय.

आता बाबांच्या हकिकतीकडे वळते, कारण माझ्या मते खरं निदान तिथेच आहे. दिवसागणिक वरखाली होणारी शुद्ध, स्पष्ट दिसणारी माणसं किंवा मुलं, स्वप्नातली हाणामारी प्रत्यक्ष अंथरुणात होणं, आणि चाल-हालचालींत पार्किन्सन्ससारखा मंदपणा, ही लेवी बॉडी डिमेन्शियाची चार मुख्य लक्षणं. २०१७ साली सुधारलेल्या निकषांनुसार स्मृतिभ्रंश असलेल्या माणसात यांतली दोन लक्षणं असतील तर ‘लेवी बॉडी असण्याची दाट शक्यता’ एवढं निदान स्कॅनशिवायही करता येतं. तुमच्या पत्रात चारही आहेत. आखडण्यात गोळीचा वाटा किती हे माहीत नाही म्हणून चौथं बाजूला ठेवलं, तरी तीन उरतात. नावं-तारखा फारशा न विसरणं हेही याच बाजूला झुकतं. अल्झायमरमध्ये बहुधा ताज्या आठवणी आधी जातात, लेवी बॉडीमध्ये सुरुवातीला लक्ष आणि दृष्टीचा अंदाज ढळतो. बाबांना तपासल्याशिवाय मी शिक्का मारू शकत नाही. पण मेंदूविकारतज्ज्ञांनी याच दिशेने बघावं, असं ठामपणे सांगते.

मग स्कॅन हवाच कशाला? एमआरआय एकदा काढावा असं माझं मत आहे. सीटीपेक्षा त्यात मेंदूची घडण फार बारकाईने दिसते. कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या आतल्या कडेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी तिथे रुजतात. अल्झायमरमध्ये तो लवकर झिजतो. निरोगी म्हाताऱ्या माणसात त्याची झीज वर्षाला साधारण दीड टक्का असते, अल्झायमरमध्ये चार ते पाच टक्के. ही झीज शून्य ते चार अशा श्रेणीत मोजतात, आणि ती मोजताना वयही धरावं लागतं. पंच्याहत्तरीच्या आत दोन ही श्रेणी खटकते, पुढे तीच वयाच्या हिशेबात बसू शकते. लेवी बॉडीमध्ये हिप्पोकॅम्पस तुलनेने शाबूत राहतो. बाबांची हकिकत अशी आणि हिप्पोकॅम्पस ठीकठाक, असा मेळ बसला तर शंका पुष्कळ कमी होते.

उलट मात्र धरता येत नाही. हिप्पोकॅम्पस झिजलेला दिसला म्हणून लेवी बॉडी नाहीच, असं म्हणता येत नाही. या वयात दोन आजार एकाच मेंदूत राहणं अगदी नेहमीचं आहे. लेवी बॉडीच्या पुष्कळ रुग्णांत अल्झायमरची प्रथिनंही सापडतात. वर ऐंशीच्या पुढच्यांत ‘लेट’ नावाचा आणखी एक आजार हिप्पोकॅम्पस झिजवतो आणि हुबेहूब अल्झायमरसारखा दिसतो. त्याला हे नाव मिळालं ते २०१९ मध्ये.

एमआरआयमध्ये आणखी दोन गोष्टी कळतात, ज्या सीटीत नीट दिसत नाहीत. एक म्हणजे सूक्ष्म रक्तस्रावांचे काळे ठिपके. ते मेंदूच्या कडेकडेने असतील तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड साचल्याची खूण समजतात. हे आता नुसतं पुस्तकी राहिलेलं नाही. अमेरिकेत २०२३ साली लेकॅनेमॅब आणि २०२४ साली डोनानेमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या औषधांना मंजुरी मिळाली. त्यांनी मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी एमआरआय बघतात आणि चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव असले तर सहसा देत नाहीत. ही औषधं सुरुवातीच्या अल्झायमरसाठी आहेत, लेवी बॉडीसाठी नाहीत. दुसरी गोष्ट एमआरआयमधल्याच डिफ्युजन नावाच्या चित्रांत दिसते. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने नव्हे तर आठवड्या-आठवड्याने वेगात वाढत असेल, तर क्रॉइट्झफेल्ट-याकोब या दुर्मीळ आजारात मेंदूच्या सालीवर आणि आतल्या केंद्रांत उजळ पट्टे दिसतात. बाबांचा आजार दोन वर्षांचा आहे, त्यामुळे ती भीती बाळगू नका.

एमआरआयच्या विनंतीपत्रावर डॉक्टरांकडून कारण सविस्तर लिहून घ्या, एवढं माझं ऐकाच. ‘डिमेन्शिया, स्कॅन’ एवढंच लिहिलेलं असलं की रिपोर्ट पुन्हा ‘वयोमानानुसार’ असाच येतो. ‘लेवी बॉडी की अल्झायमर, हिप्पोकॅम्पसची श्रेणी, पांढऱ्या भागातल्या बदलांची श्रेणी आणि सूक्ष्म रक्तस्राव कळवावेत’ असं लिहिलेलं असलं, तर वाचणारा त्या जागा शोधून बघतो. जुनी सीटीची चित्रंही सोबत न्या, नुसता कागद नको.

पेसमेकर, कानातलं इम्प्लांट किंवा शरीरात कुठेही धातू असेल तर वेळ ठरवतानाच सांगा. यंत्रात बराच वेळ मोठ्या आवाजात निश्चल पडून राहायचं असतं. ज्याला मुलं दिसतात त्या माणसासाठी ही परीक्षाच. बाबा ज्या वेळी एरवी सर्वांत सावध असतात ती वेळ मागा, ओळखीचं माणूस शेवटपर्यंत जवळ असू द्या, आणि ‘शांत राहण्यासाठी काही देऊ’ असं कुणी म्हणालं तर देण्याआधी हॅलोपेरिडॉलचा अनुभव त्यांच्या कानावर घाला.

आता डॅट स्कॅन. एमआरआय मेंदूचा आकार दाखवतो, डॅट मेंदूचं एक विशिष्ट काम दाखवतो. थोडं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि काही तासांनी चित्र घेतात. डोपामिन हे हालचाली सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन. ते वापरणाऱ्या पेशींची टोकं शाबूत असतील तर मेंदूच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखे आकार उजळतात. लेवी बॉडीमध्ये त्यांच्या शेपट्या गळतात आणि दोन ठिपके उरतात, म्हणजे स्वल्पविरामाचा पूर्णविराम होतो. अल्झायमरमध्ये आकार सहसा शाबूत राहतो, म्हणून या दोघांत फरक करायला हा स्कॅन उपयोगी. एका मोठ्या अभ्यासात दाट शक्यता असलेल्या लेवी बॉडी रुग्णांपैकी सुमारे ७८ टक्क्यांत तो बिघडलेला आला, आणि इतर, मुख्यतः अल्झायमरच्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्क्यांत तो चांगला आला. म्हणजे बिघडलेला आला तर पुरावा भक्कम. चांगला आला तरी लेवी बॉडी पुरता बाद होत नाही.

बाबांच्या बाबतीत या स्कॅनचा आणखी एक उपयोग आहे. नुसत्या गोळीने अंग आखडलं असेल तर डॅट स्कॅन चांगला येतो, कारण हॅलोपेरिडॉल त्या टोकांना धक्का लावत नाही, डोपामिन जिथे पोहोचतं ते पलीकडचं दार बंद करतं. आखडणं आजाराचं की गोळीचं, हा घोळ त्यामुळे सुटू शकतो. तरीही माझा सल्ला असा, की आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी बदलली जावी आणि एमआरआय व्हावा. चित्र स्पष्ट झालं तर डॅट स्कॅन काढू नका. तज्ज्ञांना खरोखर शंका उरली तरच काढा, आणि नैराश्यासाठी बुप्रोपिऑनसारखं काही चालू असेल तर आधी सांगा, कारण त्याने निकाल फिरतो. पार्किन्सन्स आणि लेवी बॉडी यांतला फरक मात्र हा स्कॅन दाखवत नाही. दोन्हींत तो सारखाच बिघडतो.

पेट स्कॅन म्हणजे एकच तपासणी नव्हे, हे विचारताना लक्षात ठेवा. साखरेचा पेट, म्हणजे साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेला स्कॅन, मेंदूचा कुठला भाग मंदावलाय ते दाखवतो. अल्झायमरमध्ये वरचा-मागचा आणि बाजूचा भाग, फ्रंटोटेम्पोरलमध्ये पुढचा, लेवी बॉडीमध्ये अगदी मागचा, जिथे डोळ्यांनी पाहिलेलं उमगतं. पन्नाशी-साठीतला माणूस अचानक बेफिकीर, असभ्य वागू लागतो, एमआरआय जवळजवळ ठीक असतो आणि घरचे त्याच्या स्वभावाला दोष देत राहतात, तेव्हा हा स्कॅन त्या घराला फार मोठा आधार देतो. बाबांना तो लगेच हवा असं मला वाटत नाही.

अमायलॉइडचा पेट तर नकोच. अमायलॉइड आहे की नाही एवढंच तो सांगतो. बाबांच्या मेंदूत ते सापडलं तरी लेवी बॉडीचा संशय फिटणार नाही आणि उपचारही बदलणार नाहीत. रक्तातून अल्झायमरचा माग काढणाऱ्या नव्या चाचण्यांचंही तेच. त्यांना लेवी बॉडी दिसत नाही. साध्या रक्ततपासण्या मात्र राहिल्या असतील तर करून घ्या. थायरॉइड, बी-१२, सोडियम. कुठल्याही स्कॅनपेक्षा स्वस्त, आणि सापडलेला दोष दुरुस्त होणारा.

तुमच्या ‘नक्की कळतं का’ला माझं उत्तर : हकिकत, तपासणी आणि योग्य स्कॅन यांचा मेळ बसला तर उपचार ठरवण्याइतकं कळतं. शंभर टक्के खात्री आजही सूक्ष्मदर्शकाखालीच होते. पण बाबांना कुठली गोळी द्यायची नाही, उठताना रक्तदाब एकदम घसरून ते पडणार नाहीत ना याची काळजी कशी घ्यायची, पुढे कधी शस्त्रक्रिया झालीच तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना काय सांगायचं, हे ठरवायला शंभर टक्के लागत नाहीत. भावाला हे वाचायला द्या. आणि मुलं दिसली की ‘तिथे कुणी नाही’ असा वाद घालू नका. ती मुलं त्यांना घाबरवत नसतील तर भासांवर औषधाचीही गरज नसते, खोलीत थोडा उजेड ठेवून पुष्कळदा भागतं.

राहता राहिला तुमचा स्वतःचा स्कॅन. काढू नका. एमआरआय चांगला आला तर त्याने पुढच्या वीस वर्षांची हमी मिळत नाही, आणि चार ठिपके निघाले तर रोज रात्री तेच मनात येत राहील. स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्यांतही पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के लोकांत अमायलॉइडच्या खुणा मिळतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना स्मृतिभ्रंश कधीच होत नाही. लेवी बॉडीही बहुसंख्य घरांत आई-वडिलांकडून सरळ मुलांकडे येत नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कानांची तपासणी करून घ्या, त्यातून हाती काहीतरी येईल. जवळच्या नात्यातल्या दोघा-तिघांना साठीच्या आत असा आजार झाला असता, तर आधी जनुकीय समुपदेशकांना भेटा असं मी लिहिलं असतं. तुमच्या पत्रात तसं कुणी नाही.